फिट टेस्ट १० च्या खाली आली, मग विषय संपला का?

थेम्सकाठ: इंग्लंडमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या संशयावरून तातडीची रेफरल्स भरमसाट वाढलीत. शौचाच्या सवयी बदलल्या म्हटलं की जीपी (नेहमीचे फॅमिली डॉक्टर) थेट स्पेशालिस्टकडे न पाठवता आधी फिट टेस्टचं, म्हणजे विष्ठेतलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणाऱ्या चाचणीचं, किट देतात. ही गर्दी थोपवायची युक्ती, की यामागे काही वैद्यकीय कारण आहे?

आतल्या_गोटातला: दोन्ही, आणि त्यात वावगं काही नाही. तातडीने पाठवलेल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतोच, पण कोलोनोस्कोपीची (कॅमेऱ्याने आतडं आतून बघायच्या तपासणीची) क्षमता मर्यादित. १ ग्रॅम विष्ठेत १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त हिमोग्लोबिन निघालं की तातडीचं रेफरल, असं नाइसने (उपचारांचे निकष ठरवणाऱ्या इंग्लंडच्या संस्थेने) ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. गुदाशयात गाठ लागली किंवा गुदद्वाराशी गाठ वा व्रण असेल, तर फिटसाठी थांबत नाहीत.

१० च्या खाली आलं म्हणजे शक्यता फार कमी, शून्य नव्हे. लक्षणं टिकली, वजन उतरत राहिलं किंवा लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असला तर पुन्हा जीपी गाठा. डॉक्टरांना दाट शंका असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही पाठवता येतं. आणि स्क्रीनिंगचं, म्हणजे लक्षणं नसलेल्यांच्या सरसकट तपासणीचं, ‘पुढील तपासणीची गरज नाही’ हे पत्र लक्षणं असताना पुरेसं धरू नका. तिथली मर्यादा बरीच वरची असते.

नमुना_नळी: घोळ बहुधा नमुन्यातच होतो. विष्ठा कमोडच्या पाण्यात पडू देऊ नका, आधी कागद किंवा डबा धरा. काडीच्या खाचा भरतील एवढंच घ्या; जास्त कोंबलं तर आकडा चुकतो. काडी लगेच नळीत घालून झाकण लावा, कारण त्यातलं द्रावण हिमोग्लोबिन टिकवतं. तारीख लिहा आणि नळी लवकर परत करा. उशीर आणि उष्णता यांनी आकडा खोटाच खाली येतो. पाळीच्या दिवसांत नमुना नको. खाण्याचं पथ्य मात्र नाही, टेस्ट फक्त माणसाचं रक्त ओळखते.

थेम्सकाठ: आणि पॉझिटिव्ह आली तर किती दिवस?

आतल्या_गोटातला: रेफरलपासून २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही हे कळावं, असा निकष आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन आठवड्यांत स्पेशालिस्टची भेट व्हावी हा जुना निकष जाऊन हा आला. जीपीकडे नोंदवलेला तुमचा फोन नंबर बरोबर आहे ना, ते आजच बघा. कोलोनोस्कोपी ठरली तर लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात; काळी चिकट विष्ठा आतड्याला लिंपून बसते आणि काही दिसत नाही. रक्त पातळ करणारी औषधं असतील तर आधीच कळवा, आपल्या मनाने बंद करू नका. आतडं साफ व्हायला आधी देतात त्या जुलाबाच्या औषधाचा दुसरा डोस कंटाळून अर्धाच घेतलात, तर तपासणी पुन्हा करावी लागू शकते.