धातूचं ‘संकुल’ म्हणावं का?

पाटपाणी : तांब्याची कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूला इतर रेणू बांधलेली संयुगं, बनवून कर्करोगाच्या पेशींवर तपासते. मराठी गोषवाऱ्यात ‘धातू-संकुले’ लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, “संकुल म्हणजे म्हापशातल्या पेडेचं, खेळांचं, तसलं?” दुसरा शब्द सुचवा.

कल्हई : बदलू नका. संस्कृतात संकुल म्हणजे गच्च भरलेलं. मधे धातू, भोवती रेणूंची दाटी. चपखल आहे.

मिठागर : दाटी कसली? सिसप्लाटिन या कर्करोगाच्या औषधात प्लॅटिनमभोवती अवघे चौघे, दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. क्लोरीन शेजारी बसले तर औषध, समोरासमोर बसले तर कर्करोगावर निरुपयोगी. कॉम्प्लेक्सच म्हणा, प्रयोगशाळेत सगळे तेच म्हणतात.

कुळागर : प्रयोगशाळेबाहेरच्यांनी काय करायचं? धातूभोवती बसणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या ‘बांधणे’वरून आलाय. पोर्तुगीजमध्येही लिगार. माझे आजोबा दिवा लावायला आणि फोन लावायलाही लिगारच म्हणायचे. ‘धातुबंध’ म्हणा.

मिठागर : वाचणाऱ्याला तो धातूच्या तुकड्यातला बंध वाटेल.

कल्हई : मग आपलं ‘भस्म’ काय वाईट?

पाटपाणी : भस्म नको हो. त्यात धातूला पुटं देऊन जाळतात. मी तांब्याचा क्षार आणि लिगंड अल्कोहोलात उकळते. हिरवा साका खाली बसतो, तो गाळून वाळवते. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशींवर घालते. वरून पिवळं रंगद्रव्य घातलं की जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. पहिल्यांदा अख्खी रांग पिवळी राहिली तेव्हा आनंदाने ओरडले होते. मग शेजारची निरोगी पेशींची रांग पाहिली. तीही पिवळीच. त्या दिवसापासून ‘औषध’ लिहायला हात धजत नाही.

मिठागर : हे पटलं. प्लॅटिनमच्या संयुगांनी जीवाणूंचं विभाजन अडतं हे शास्त्रज्ञ रोझेनबर्गनी १९६५ साली छापलं, सिसप्लाटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली १९७८ साली. मधली तेरा वर्षं त्याला काय म्हणायचं? ‘संभाव्य औषध’ फार कोरडं वाटतं.

कुळागर : आजी औषधाला वखद म्हणायची आणि विषाला वीख. दोन्हीकडे ‘ष’चा ‘ख’ झालाय.

कल्हई : वखद कोकणी. मराठी गोषवाऱ्यात कशाला?

कुळागर : जुन्या मराठीत ‘ओखद’ आहेच की! ते कुणाच्या घरचं?

कल्हई : ओखद वेगळं, वखद वेगळं. तो ‘व’ आला कुठून ते आधी सांगा.