सिडनी रग्बी लीग 1909: विजेता आहे, मग फायनलचा स्कोअर कुठे?

आकडेमोड
सिडनीच्या क्लब स्पर्धेचा हंगामवार तक्ता एक्सेलमध्ये करतोय. 1908 ला साउथ सिडनी 14, ईस्टर्न सबर्ब्स 12 असा फायनलचा स्पष्ट निकाल आहे. 1909 ला विजेता पुन्हा साउथ सिडनी, उपविजेता बाल्मेन, पण स्कोअरचा रकाना रिकामा. सामना झाला नाही का? आणि 1908 ला नऊ संघ, 1909 ला आठच, ते का?

मैदानवेडा
बाल्मेन खेळायलाच उतरलं नाही. साउथला आपल्या कबड्डीच्या भाषेत ‘पुढे चाल’ मिळाली, तीही थेट विजेतेपदाची.

फायनल ठेवली होती 18 सप्टेंबर 1909, शनिवारी, मूर पार्कच्या अ‍ॅग्रिकल्चरल ग्राउंडवर. पण मुख्य सामना म्हणून नाही. त्या दिवशीचं आकर्षण होतं कांगारू (ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग संघ) विरुद्ध वॉलबीज (रग्बी युनियन या रग्बीच्या दुसऱ्या, तेव्हा हौशी असलेल्या प्रकारातला ऑस्ट्रेलियाचा संघ), आणि क्लबांची फायनल त्याआधी उरकायची होती. वर्षभर खेळून गाठलेली फायनल गर्दी जमेपर्यंतचा वेळ काढायला वापरणार, यावर बाल्मेनने हरकत घेतली. साउथचा संघ ठरल्या वेळी उतरला, किक-ऑफ केला, समोर कोणीच नसताना चेंडू उचलून ट्राय केला (म्हणजे समोरच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला) आणि विजेता ठरला.

दोन्ही क्लबांनी मिळून न उतरायचं ठरवलं होतं आणि साउथने शब्द फिरवला, असं बाल्मेनवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. साउथवाल्यांना ते मान्य नाही. तक्त्यात हा वाद शेऱ्यात टाका, निकालात नको.

ट्रंपरचा_चाहता
मुळात तो वॉलबीजचा सामना का भरवावा लागला, हे कळल्याशिवाय 1909 समजत नाही.

लीगची स्थापना 8 ऑगस्ट 1907 ची. हेन्री हॉइल अध्यक्ष, जेम्स गिल्टिनन सचिव आणि खजिनदार व्हिक्टर ट्रंपर. हो, क्रिकेटवाला तोच! 1908–09 चा कांगारूंचा ब्रिटन दौरा तोट्यात गेला, गिल्टिननचं दिवाळं निघालं आणि 1909 च्या सुरुवातीला तिघांनाही पदं सोडावी लागली. म्हणजे हंगाम सुरू होताना तिजोरीत खडखडाट.

तेव्हा जेम्स जॉयन्टन स्मिथ या धनिकाने पैसे ओतले. ज्या वॉलबीज संघाने 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बी युनियनचं सुवर्ण जिंकलं होतं, त्यातल्या बऱ्याच खेळाडूंना रोख मोबदला देऊन त्याने लीगच्या नियमांनी खेळायला आणलं. कांगारूंशी चार सामने झाले, मालिका 2-2. युनियनने या खेळाडूंवर बंदी घातली, त्यामुळे परतीची वाट उरली नाही. क्रिस मॅकिव्हॅट त्यांतलाच, पुढे ग्लीबकडून खेळला. लीगच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा होता. फटका बसला तो क्लबांच्या फायनलला.

आकडेमोड
मग साउथचा तो ट्राय धरून 3-0 लिहू का? तेव्हा ट्रायला 3 गुण होते ना?

जुनी_गुणपत्रिका
नका लिहू. गुण बरोबर आहेत: ट्राय 3, गोल 2, ड्रॉप गोलही 2. (ट्रायचे 4 झाले 1983 मध्ये, म्हणून जुन्या स्कोअरवर आजचं सूत्र लावलं की बेरीज जुळत नाही.) पण प्रतिस्पर्धीच नसलेल्या मैदानावरच्या ट्रायला सामन्याचा स्कोअर म्हणण्यात अर्थ नाही. रकान्यात ‘पुढे चाल’ लिहा. शून्य तर अजिबात नको, नाहीतर एक्सेल त्याला 0-0 बरोबरी समजेल आणि सरासरी बिघडवेल.

संघांचं म्हणाल तर, 20 एप्रिल 1908 ला, ईस्टरच्या सोमवारी, पहिली फेरी झाली तेव्हा आठच संघ होते: ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी, बाल्मेन, ईस्टर्न सबर्ब्स, वेस्टर्न सबर्ब्स, नॉर्थ सिडनी आणि न्यूकॅसल. कंबरलँड नंतर आत आलं आणि एका हंगामात संपलं. म्हणून 1908 ला ‘खेळलेले सामने’ सगळ्यांचे सारखे धरू नका. 1909 नंतर न्यूकॅसलही गेलं, 1910 ला त्या जागी अ‍ॅनानडेल आलं. हे न्यूकॅसल आणि 1988 चं न्यूकॅसल नाइट्स यांना वेगळा कोड द्या. नावावरून लुकअप लावलात तर दोन्ही एकाच ओळीत जाऊन बसतील.

मैदानवेडा
1908 च्या 14-12 शेजारीही शेरा हवा. फायनल 29 ऑगस्टची आणि कांगारू त्याआधीच बोटीने ब्रिटनला निघालेले. ईस्टर्न सबर्ब्सचा नामांकित खेळाडू डॅली मेसेंजर त्या बोटीवर होता. आणि बाल्मेनच्या रकान्यात पहिलं विजेतेपद 1915 चं, तेही एकही सामना न हरता.