मदत हवी : धडगावच्या पाड्यावर राउटर नेट पकडत नाही

पाडाकरी : अक्राणी तालुक्यातल्या एका पावरा कुटुंबाकडे लॅपटॉप आलाय, मुलगी बारावीला आहे. राउटरमध्ये सिम घातलं, लाल दिवाच. छपरावर अँटेना चढवला तरी लालच. तेच सिम फोनमध्ये टाकून बांधावर उभं राहिलं की नेट येतं! फॉर्मला आठ दिवस उरलेत. कोणता अँटेना घेऊ, तेवढंच सांगा.

तारवाला : सिम कुठलं? राउटर कोणते बँड (म्हणजे लहरींचे पट्टे) घेतो? बांधावर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, किती? फोनवर \*#\*#४६३६#\*#\* दाबून आकडा बघा. उणे ११० पर्यंत असेल तर अँटेनाने काम होईल, उणे १२० च्या खाली पैसे वाया.

डोंगरदऱ्या : बाजारात सिग्नल वाढवणारा बूस्टर मिळतो, तो लावा आणि मोकळे व्हा.

तारवाला : नका लावू. विनापरवाना बूस्टर बेकायदा आहे, शिवाय तो टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं नेट बिघडवतो.

रानवाट : पाड्यावर टॉवर किंवा तार हवी असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. दूरसंचार लाइनसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, हेक्टरी ७५ झाडांची मर्यादा आहे. ग्रामसभेची शिफारस मात्र लागतेच.

पाडाकरी : टॉवर नको हो, आठ दिवस आहेत! सिम बीएसएनएल. राउटरवर बँड १, ३, ५, ८, ४० छापलंय. बांधावर उणे १०४.

तारवाला : मग तिथेच घोळ आहे. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, म्हणजे बँड २८. २१०० मेगाहर्ट्झच्या (बँड १) लहरी डोंगराआड अडतात, ७०० च्या त्यामानाने वळसा घालून पोचतात. तुमच्या फोनला बँड २८ येतो, राउटरला येत नाही. अँटेना कितीही भारी आणा, दिवा लालच राहणार. बँड २८ चा राउटर घ्या. अँटेनाही ६९८ मेगाहर्ट्झपासूनचा हवा, स्वस्तातले बरेच ८०० पासून सुरू होतात. केबल आरजी-५८ असेल तर १० मीटरमध्ये ४-५ डेसिबल गिळते. त्यापेक्षा बाहेर लावायचा पीओई राउटरच (ज्याला नेटच्या तारेतूनच वीज मिळते) बांधावरच्या खांबाला बांधा आणि घरापर्यंत कॅट-६ नेटवर्क केबल ओढा, ९० मीटरच्या आत. खांबाला अर्थिंग विसरू नका.

सौरभट्टी : विजेचं कोणी विचारलंच नाही. सौर पॅनलवर चालवायचं तर हिशोब असा. राउटर ६ वॉट धरला तर २४ तासांत १४४ वॉट-तास. लॅपटॉप ४५ वॉट, चार तास, म्हणजे १८०. एकूण ३२४. पावसाळ्यात दोन दिवस ऊन नसेल तर १२ व्होल्ट १०० एएचची ट्युब्युलर बॅटरी लागेल. राउटर थेट बॅटरीला जोडू नका, चार्ज होताना १४.४ व्होल्ट चढतं. मध्ये १२ व्होल्टचा कन्व्हर्टर टाका. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी वीज खातो.

डोंगरदऱ्या : त्यापेक्षा किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप) मराठी विकिपीडिया आणि बालभारतीच्या पीडीएफ भरून द्या. नेट लागतं कशाला?

रानवाट : फॉर्म भरायला लागतं.

पाडाकरी : वीज आहे, पण संध्याकाळी जाते. बँड २८ चा राउटर नंदुरबारात मिळत नाहीये, मागवला तर सहा दिवस. तोवर काय?

तारवाला : तोवर तोच फोन प्लास्टिकच्या डब्यात पॉवर बँकसकट बांधावर उंच बांधा, हॉटस्पॉट चालू. घर किती लांब आहे बांधापासून? ३० मीटरच्या आत असेल आणि मध्ये पत्रा नसेल तर लॅपटॉप पकडेल. लांब असेल तर लॅपटॉपच बांधावर न्या. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वर नाही.

पाडाकरी : ४० पावलं. मध्ये कुडाची भिंत. करून बघतो.