जुनी ४०७ पिकअप: चढावर ओढ जाते, हँड पंप मारला की पुन्हा चालते. फीड पंप बदलू का?

घाटमाथा:
गाडी जुनी टाटा ४०७ पिकअप, मेन (इंजेक्शन) पंप इनलाइन, दोन डिझेल फिल्टर. सकाळी फीड पंपावरचा, हाताने डिझेल चढवायचा हँड पंप मारल्याशिवाय स्टार्ट होत नाही. सपाटीला ठीक पळते, पण भरलेली गाडी कुंभार्ली घाट चढायला लागली की ओढ कमी होत जाते आणि मधेच बंद पडते. डिझेल लाइनमधली एअर काढली की परत चालू. दोन्ही फिल्टर नवे टाकले, फरक नाही. एक मिस्त्री म्हणतो फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मेन पंपाला देणारा छोटा पंप) बदला, दुसरा म्हणतो मेन पंप खोलून लॅबला पाठवा. खर्चाचा फरक फार मोठा आहे. आधी काय तपासू?

पंप_नोजल:
मेन पंपाला अजून हात लावू नका. हँड पंप मारल्यावर गाडी नीट चालते, म्हणजे मेन पंपाला डिझेल पोचलं की तो काम करतोय. प्रश्न डिझेल पोचण्याचा आहे. तो दोनच ठिकाणी अडतो: टाकीपासून फीड पंपापर्यंतची ओढायची बाजू, नाहीतर फीड पंप स्वतः.

ओढायच्या बाजूची चीर बाहेरून दिसत नाही, कारण तिथून डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे पाइप कोरडा दिसतो म्हणून चांगला आहे असं धरू नका. बहुतेक लोक इथेच फसतात आणि चांगला पंप बदलून बसतात.

आधी फीड पंपाच्या इनलेटची जाळी काढून धुवा. मग पंपाकडून फिल्टरकडे जाणारी नळी सोडवा, तिथे पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडा. स्टॉपचा दट्ट्या ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. डिझेल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवं. जोर आहे पण बुडबुडे येतायत, तर हवा मागून येते. बुडबुडे नाहीत पण धार मरतुकडी, तर पंप संशयात.

मग पक्कं करा: पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळलेलं स्वच्छ डिझेल घ्या, कॅन पंपाच्या खालच्या पातळीवर ठेवा आणि नव्या नळीने थेट इनलेटला जोडा. वर टांगलात तर डिझेल आपोआप उतरतं आणि पंपाची परीक्षाच होत नाही. आता धार सुधारली तर दोष टाकी, तिच्यातला सक्शन पाइप किंवा जुन्या रबरी नळीत. नाही सुधारली तर पंप गेला. हँड पंपाच्या मुठीखालचा ओ-रिंग खराब असला तरी हवा शिरते, तो भाग वेगळा मिळतो, आधी तो बघा.

आणि ऑइलची पट्टी बघून इथे सांगा.

घाटमाथा:
जाळी साफ केली, मुठीचा भाग नवा लावला. कॅनमधून देऊनही धार तशीच मंद, बुडबुडे नाहीत. ऑइल मात्र पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर आहे आणि डिझेलचा वास येतोय.

पंप_नोजल:
मग ठरलं, पंप बदला. आणि त्याआधी गाडी चालवू नका. फीड पंपाचा दांडा झिजला की डिझेल त्याच्या कडेने मेन पंपाच्या कॅमच्या खोलीत उतरतं. ज्या पंपाला इंजिनाचंच ऑइल फिरतं तिथे ते डिझेल थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग खातं. वॉल्व्ह-स्प्रिंगचं किट इथे उपयोगी नाही, कारण दांडा आणि त्याचा बोअर किटमध्ये येत नाही. पूर्ण पंप घ्या. सोबत नवी गॅस्केट, नळ्या जोडायच्या दोन पोकळ (बँजो) बोल्टना दोन-दोन म्हणजे चार तांब्याचे वॉशर, ऑइल आणि ऑइल फिल्टर.

पंपाभोवती ब्रश आणि डिझेलने धुवा, मगच नळ्या सोडा; माती आत गेली तर नवा पंपही लवकर जाईल. टाकी वर असेल तर येणारी नळी बंद करा. तीन नट काढले की पंप बाहेर येतो. जुनी गॅस्केट खरवडताना भोकात कापड कोंबा. नवा बसवताना रोलर कॅमच्या उंच भागावर आला असेल तर स्प्रिंगच्या जोराने पंप टेकतच नाही. तेव्हा नटांनी ओढून बसवू नका, कान तुटतो. पुलीचा बोल्ट धरून इंजिन थोडं फिरवा, मग नट आलटून-पालटून कसा.

एअर काढताना क्रम पाळा: आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू, मग मेन पंपावरचा. दोन्हीकडे बुडबुडे संपेपर्यंत हँड पंप मारा, कसा, आणि शेवटी मूठ फिरवून घट्ट बसवा. तरी स्टार्ट नाही झाली तर नोजलकडचे नट एक आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की कसा. तिथे बोट लावू नका, त्या दाबाची धार कातडीत घुसते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच.

गरम झाल्यावर प्रत्येक जोड पुसून परत बघा.

रोटरीवाला:
हाच धागा वाचून रोटरी पंपाच्या गाडीवर हात टाकणाऱ्यांसाठी: तिथे आतला व्हेन (पात्यांचा) पंपच ओढतो. काही इंजिनांवर वेगळा डायफ्रॅमचा (रबरी पडद्याचा) पंप असतो, आणि तो पडदा फाटला तर तिथेही ऑइल वाढतं. मेन पंपावर चार नळ्या एका ओळीत असतील तर इनलाइन, डोक्यावर गोलाकार असतील तर रोटरी.

आणि लाइनीत इलेक्ट्रिक पंप घालायचा सल्ला सर्रास देतात, तो देताना दाब सांगत नाहीत. इनलाइनच्या फिल्टरला साधारण १ ते १.५ बार दाब लागतो. पेट्रोल इंजेक्शन गाडीचा पंप ३ बारच्या आसपास देतो, त्याने फिल्टरचे सील उडू शकतात. शिवाय घाटमाथा यांच्या गाडीत दांड्यातली गळती तशीच राहिली असती, उलट दाबाने ऑइलमध्ये डिझेल अजून वेगाने गेलं असतं.

पंप_नोजल:
बरोबर. एक राहिलं: टाकीचा तळाचा बोल्ट उघडून पाणी-गाळ काढा. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभी राहणारी गाडी आतून पाणी धरते, टाकी गंजते, आणि तो गंज नव्या पंपाच्या वॉल्व्हखाली अडकू शकतो.