मसाई मारातला एक दिवस: कधी, कुठे, काय बघावं (अनुभव धागा)

केनियाला जाऊन आलेल्यांनी इथे दिवसाचा हिशेब मांडा. 'खूप धमाल आली' एवढ्याने भागणार नाही, तपशील हवेत.

*

अभयारण्याचं गेट सकाळी 6 ला उघडतं, गाडी त्याआधीच रांगेत हवी. मारा 1500 मीटरच्या वर आहे, उघड्या छतातून वारा झोंबतो, कानटोपी न्याच. पहिले दोन तास सिंह आणि तरसांचे. नंतर सिंह झुडपाखाली आडवे.

गिधाडं भल्या सकाळी आकाशात शोधू नका. अंग जड, त्यामुळे ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत ती झाडावरच असतात. झाडावर दहा-बारा बसलीत आणि खाली उतरत नाहीत, म्हणजे शिकारीचा मालक अजून तिथेच आहे. टोपी हरीण वारुळावर चढून एकाच दिशेला टक लावून असेल, तर दुर्बीण तिकडे वळवा. ड्रायव्हर रेडिओवर एकमेकांना प्राण्यांचा ठावठिकाणा सांगतात, नुसतं त्यामागे धावलात तर पंधरा गाड्यांच्या आडून सिंहाचं शेपूट तेवढं दिसेल.

*

कॅमेरावाल्यांसाठी: बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी न्या, नैरोबीत दोन-तीन किलो तांदूळ भरा. पण माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण 15 किलो, तेही मऊ बॅगेत. मग तांदूळ कॅम्पवर मागा. फोटोआधी इंजिन बंद करायला सांगा, त्याची थरथर 400 मिमी लेन्समधून फोटोत उतरते. उडत्या पक्ष्याला शटर स्पीड 1/2000 सेकंद. अकरा ते तीन जमिनीलगतची हवा लहरते, लांबचे फोटो धूसर येतात. लोक उगाच लेन्सला दोष देतात. आणि धुळीत लेन्स बदलू नका!

*

लायलॅक-ब्रेस्टेड रोलर हा आपल्या नीलपंखाचा भाऊबंद. शेंड्याच्या सुक्या फांदीवर बसतो आणि उडण्याआधी बरेचदा शिटतो. तेव्हाच शटर दाबायचं. (हसू नका, उपयोगी पडतं.)

कोरी बस्टर्ड माळढोकाच्याच कुळातला. नर 18 किलोपर्यंत भरतो, म्हणून उडायचा कंटाळा. गवतावर तरंगणारी मान शोधा.

*

पक्षीच बघायचे असतील तर नोव्हेंबर ते मार्च. युरोप-आशियातले पाहुणे तेव्हा असतात. लोणावळ्याला दिसणारा अमूर ससाणाही समुद्र ओलांडून याच बाजूने दक्षिणेला उतरतो. विल्डबीस्ट हरणांच्या कळपांचं नदी ओलांडणं हवं असेल तर मात्र जुलै ते ऑक्टोबर. दोन्ही एका फेरीत जमवायला जाऊ नका.

*

जुने फोटो बघून फ्लेमिंगोंसाठी नाकुरू तळ्यावर जाणाऱ्यांनो, थांबा. 2010 नंतर तळ्याचं पाणी चढलं, खारेपणा पातळ झाला आणि त्यांचं खाणं असलेलं स्पिरुलिना (सूक्ष्म शेवाळ) कमी झालं. बरेच थवे बोगोरिया तळ्याकडे गेले. नाकुरू करा ते गेंड्यांसाठी.

*

यलो फीवरची लस निघण्याआधी किमान 10 दिवस. पिवळं कार्ड (लसीचा दाखला) हातातल्या बॅगेत ठेवा, परतताना भारतात विमानतळावर मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण. आणि चिवडा-लाडू डब्यात भरा, केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे.