शुगर अँट्सनी जीव नकोसा केलाय, लवकर उपाय सांगा

गूळपोळी: किचनमध्ये शुगर अँट्स झाल्यात. आठवडा झाला. व्हिनेगर, दालचिनी, लवंगा सगळं करून झालं. शनिवारी सासूबाई येतायत. प्लीज पटकन सांगा.

ओटा_सम्राट: हळद. ओट्याच्या कडेने जाड रेघ ओढा आणि डबे पाण्याच्या ताटलीत ठेवा. आमच्या आईने जन्मभर हेच केलं.

सिडनीकर: मारू नका हो बिचाऱ्यांना! चांगल्या सेंटिमीटरभर असतात, डोकं काळं, पोटावर नारिंगी-तपकिरी पट्टा. रात्री बागेत हिंडतात, दगडाखाली नाहीतर लाकडाखाली राहतात. घरात आली तर वाटी उपडी घालायची, खाली कागद सरकवायचा आणि बाहेर सोडायची.

गूळपोळी: सेंटिमीटरभर?? अहो, तिळाएवढ्या आहेत! आणि शेकड्याने. किती वाट्या घालू?

वारूळवाला: ताई, राहता कुठे? रंग कोणता? 'शुगर अँट' हे एका मुंगीचं नाव नाही. ऑस्ट्रेलियात ती वर सांगितलेली (कॅम्पोनोटस कॉन्सोब्रिनस), अमेरिकेत जी गोडाला लागेल ती. पिवळट आणि जेमतेम 2 मिमी असेल तर फॅरो मुंगी. तिच्यावर फवारा मारलात तर एकीच्या चार वसाहती होतील.

मी_माझी: काळ्या असतील तर मारू नयेत, लक्ष्मी येते म्हणतात.

ओटा_सम्राट: लक्ष्मी येवो न येवो, गूळ जातो. हळद लावली का?

गूळपोळी: सिएटल. लिहायचं राहिलंच. काळपट तपकिरी. मिक्सरमागच्या प्लगमधून निघतात आणि थेट गुळाच्या बरणीवर. झाकणाच्या आट्यांत बसतात, उघडताना चिरडतात आणि बोटांना खवट खोबऱ्याचा वास येतो. साबणानेही लवकर जात नाही.

वारूळवाला: हे आधी सांगायचं ना! खवट खोबरं म्हणजे टॅपिनोमा सेसाइल, तिकडे 'ओडरस हाउस अँट' म्हणतात. एका वसाहतीत अनेक राण्या, त्यामुळे रांग पुसून काही होत नाही. विष आत पोचलं पाहिजे आणि हळू चढलं पाहिजे. दोन कप पाणी, अर्धा कप साखर, एक सपाट टीस्पून बोरिक पावडर. कापसाचा बोळा भिजवून रांगेशेजारी ठेवा. बाहेर भिंतीला टेकलेली झाडं असतील तर छाटा, त्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) असला की त्याचा गोड चिकटा प्यायला या हमखास येतात.

ओटा_सम्राट: बोरिक म्हणजे कॅरमवर टाकतो ती ना? मग लक्ष्मणरेषेचा खडू काय वाईट? एक रेघ, विषय संपला.

वारूळवाला: कीटकनाशक खडू विकायला अमेरिकेत बंदी आहे काका. आणि रेघेने मुंगी अडेल, राणी आत सुखात.

सिडनीकर: अवांतर: आमच्या लहानपणी कॅरमला पिठीच वापरायचो. मग मुंग्या!

गूळपोळी: घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. चालेल का?

वारूळवाला: हेही आत्ता! उघडा बोळा अजिबात नको. झाकणाच्या डबीला बारीक भोकं पाडा, बोळा आत, डबी टेपने बंद करून मुलाचा हात पोचणार नाही तिथे. गूळ फ्रिजमध्ये.

गूळपोळी: काल रात्री ठेवली. सकाळी डबीवर दुप्पट मुंग्या! घाबरून सगळं व्हिनेगरने पुसून काढलं.

वारूळवाला: अहो!! त्या खायलाच आल्या होत्या. पुन्हा ठेवा, आणि चार-पाच दिवस हात लावू नका.

ओटा_सम्राट: म्हणजे शनिवार गेला. हळद.