विल्यम वेगमन आणि त्यांचा मॅन रे

कुत्र्यांची छायाचित्रे काढणे हा फावल्या वेळचा छंद असून त्यातून कलावंत घडत नाही, असे मत काही जण मांडतात. मला ते पटत नाही, आणि त्यासाठी अमेरिकी कलावंत विल्यम वेगमन यांचे एकच उदाहरण पुरेसे वाटते. वेगमन मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात अध्यापन करीत असताना त्यांनी वायमरानर जातीचे एक पिल्लू आणले आणि मॅन रे या कलावंतावरून त्याचे नावही तेच ठेवले. स्टुडिओतील कामात हे पिल्लू सतत लुडबुड करू लागले, तेव्हा त्याला हाकलण्याऐवजी वेगमन यांनी त्यालाच कॅमेऱ्यापुढे घेतले.

१९७९ पासून ते पोलरॉइड कंपनीचा, लगेच छापील छायाचित्र देणारा, २० बाय २४ इंची अजस्र कॅमेरा वापरू लागले. शंभर किलोंहून अधिक वजनाचे ते यंत्र कुत्र्यामागे फिरवणे अशक्य होते. त्यामुळे नजर रोखून स्तब्ध बसण्याचे मॅन रेचे कसब हाच त्या चित्रांचा खरा आधार ठरला. १९८२ मध्ये मॅन रे गेला. मधली काही वर्षे वेगमन पुन्हा चित्रकलेकडे वळले खरे, परंतु १९८६ मध्ये फे रे ही नवी कुत्री आली आणि कॅमेरा पुन्हा सुरू झाला.